डोकं नसलेली रांग

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि अशी कल्पना करा, की तुम्ही नऊ वर्षांचे आहात आणि रात्री लोकरीचं एक गाढव कुशीत घेतल्याशिवाय तुम्हाला झोप येत नाही. ही गोष्ट तुमच्या वर्गात कोणालाही ठाऊक नाही, आणि ती कधी कोणाला कळू नये अशी तुमची फार इच्छा आहे. आता अशी कल्पना करा, की जॅम सांडलेलं ते गाढव धुवायला पिशवीत ठेवलंय म्हणून तुम्ही रात्र कशीबशी काढलीत. सकाळी उठून त्या पिशवीत हात घातलात, आणि हाताला लागले पडदे. हं, आता डोळे उघडा. पुढचं वाचायला लागतील.

कर्बीडेल गावातल्या टॅमसिनचं नेमकं असंच झालं होतं. तिची आई परगावी कामाला गेली होती, म्हणून आठवडाभर ती आजीआजोबांकडे राहायला आली होती. तिचे आजोबा म्हणजे फेअरबर्न मास्तर. निम्म्या गावाला त्यांनी भाषा शिकवली होती. निवृत्त झाल्यावरही कोणाशी बोलताना ते फळ्यासमोर उभे असल्यासारखे उभे राहत. आजी आदल्या दिवशी आपल्या बहिणीकडे गेली होती. जाताना तिने दोन निळ्या पिशव्या दाराशी ठेवल्या होत्या. एकीत चर्चच्या हॉलमधल्या जुन्या वस्तूंच्या विक्रीला द्यायचे पडदे होते आणि दुसरीत धुवायचा हम्फ्री, म्हणजे ते गाढव.

"आजोबा, हम्फ्री कुठाय?"

मास्तर टोस्टला लोणी लावत होते. "धुवायच्या पिशवीत असेल ना."

"पिशवीत पडदे आहेत."

मास्तरांची सुरी टोस्टवरच थांबली. काल संध्याकाळी आपण हॉलमध्ये मोठ्या ऐटीत कोणती पिशवी नेऊन दिली, हे त्यांना आता हळूहळू उमजू लागलं.

"विक्री आज आहे ना?" टॅमसिनने विचारलं.

"दहा वाजता."

"आणि पार्जिटरबाई जातात ना दरवर्षी?"

मास्तरांनी टोस्ट तसाच ठेवला. ते उठले आणि घरातल्या सपातांवरच त्यांनी कोट चढवला. पार्जिटरबाई दरवर्षी विक्रीला जात आणि कापसाची नि लोकरीची झाडून सगळी खेळणी विकत घेत. स्वतःसाठी नव्हे, मेजरसाठी. मेजर हा त्यांचा कुत्रा. सकाळी आणलेलं अस्वल संध्याकाळपर्यंत अंगणभर पसरवणं हा त्याचा आवडता उद्योग. मागच्या वर्षीच्या सशाचा एक कान बाईंच्या कुंपणाला नाताळपर्यंत लटकत होता. शाळेत जाताना टॅमसिन तो रोज पाहत असे.

पडद्यांची पिशवी घेऊन दोघं निघाली. मास्तर सपाता फटफटवत पुढे आणि टॅमसिन मागे. बाहेर पाऊस भुरभुरत होता.

हॉल म्हणजे चर्चमागची एक बुटकी दगडी इमारत. तिला एक दार पुढे आणि एक दार मागे, स्वयंपाकघराचं. चारी बाजूंनी फरशीची पायवाट आणि पावसात माणूस उभा राहू शकेल एवढी छपराची वळचण. त्या वळचणीखाली, भिंतीला धरून, सगळं गाव उभं होतं. ही दोघं मागच्या फाटकातून आली. कोपऱ्याशी एका उंच माणसाच्या पिवळ्या रेनकोटची पाठ दिसली. मास्तर छत्री सावरत त्या पाठीमागे जाऊन उभे राहिले.

"माफ करा, ही रांगच ना?"

"असावी," रेनकोटवाला मान न वळवता म्हणाला.

कर्बीडेलमध्ये याहून जास्त चौकशी करणं म्हणजे लोकांच्या खिडकीतून आत डोकावण्यासारखं आहे. मास्तरांचं समाधान झालं. टॅमसिनचं झालं नाही. या रेनकोटवाल्याचा मुलगा तिच्याच वर्गात होता, तेव्हा हम्फ्रीचं नावही मोठ्याने काढायची सोय उरली नाही. तिने हळूच मागे वळून पाहिलं. मागे काठीला टेकून म्हातारे विल्फ ॲक्रॉइड उभे होते. त्यांच्या मागे साक्षात पार्जिटरबाई, आणि बाईंच्या पायाशी मेजर. मेजर एक जुना हातमोजा शांतपणे चघळत होता.

"आजोबा," ती कुजबुजली, "त्या आपल्या मागे आहेत."

मास्तरांचे खांदे सैल पडले. "मग झालं तर. आधी आपण, मग त्या. रांग म्हणजे रांग."

चर्चच्या घड्याळात दहाचे ठोके पडले. सगळ्यांनी छत्र्या मिटल्या, टोप्या नीट केल्या आणि एक पाऊल टाकायच्या बेताने अंग पुढे झुकवलं. कोणीही हललं नाही. थोड्या वेळाने लोकांनी पुन्हा छत्र्या उघडल्या. आणखी बराच वेळ गेला. आत कुठेतरी टेबलावर हम्फ्री पडला असेल, या विचाराने टॅमसिन एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती. मास्तरही आतून धास्तावले होते. ते घाबरले की शब्दांची कुळं सांगायला लागत. तसे ते आता लागले.

"रांगेला आपण क्यू म्हणतो ना, तो शब्द आपला नाहीच मुळी. फ्रेंचांकडून आला. तिकडे त्याचा अर्थ शेपूट. त्यांनी घेतला लॅटिनमधून, तिथेही शेपूटच."

"कोणाचं शेपूट?"

"कोणाचंही. पूर्वी सरदारांच्या ढालींवर सिंह रंगवायचे, त्याच्या शेपटीला आपण क्यू म्हणायला लागलो. मग पुरुष लांब केसांची वेणी घालून पाठीवर सोडायचे, तिलाही क्यू. बिलियर्ड खेळायची काठी असते ना, तीही याच घराण्यातली."

"पुरुष वेणी घालायचे?" इतका वेळ ऐकत नसल्याचं दाखवणारा रेनकोटवाला आता वळला.

"सैनिकसुद्धा घालायचे."

रेनकोटवाल्याने आपल्या टकलावरून हात फिरवला आणि तो पुन्हा पुढे बघू लागला.

"आणि माणसांची रांग?" टॅमसिनने विचारलं.

"ते सगळ्यांत शेवटी आलं. आणि गंमत बघ, सुरुवातीला आपल्या लोकांनी तो शब्द वापरला तो फ्रेंचांच्या खोडीबद्दल. म्हणजे बघा तरी, हे लोक कसे आपण होऊन शेपटीसारखे उभे राहतात."

"फ्रेंच? आणि रांगेत?" मागून विल्फ म्हणाले. "मास्तर, पोरांना काहीही सांगू नका."

"पुस्तकात आहे, विल्फ."

"पुस्तक फ्रेंचांनीच लिहिलं असेल."

"असो," मास्तर म्हणाले. "सांगायचं काय, तर शेपूट आहे म्हणजे पुढे जनावर असणारच. म्हणून आपण धीर धरायचा. शेपटाने फक्त मागोमाग जायचं असतं."

टॅमसिनचा धीर संपत आला होता. "मग मी जाऊन जनावर बघून येऊ?"

मास्तरांनी जरा विचार केला. "ये बघून. पण भिंतीपासून लांबून चाल. हात खिशात ठेव. आणि कोणाकडे बघून हसू नकोस. मध्ये घुसायला बघतेय असं वाटतं."

टॅमसिन निघाली. खिशात हात आणि चेहरा मठ्ठ. रांग एका कोपऱ्यावरून वळली, मग दुसऱ्या, तशी तीही वळत गेली. पुढच्या दारापाशी पोचल्यावर तिला वाटलं, आता डोकं दिसेल. दार बंद होतं. दारासमोरची जागा लोकांनी शहाण्यासारखी मोकळी सोडली होती, आणि दाराच्या पलीकडून रांग तशीच पुढे गेली होती. बहुतेक मागच्या दाराने आत घेत असतील, असं म्हणून ती तिसऱ्या कोपऱ्यावरून वळली. आणखी एक कोपरा आला. मग तिला हातमोजा चघळणारा मेजर दिसला. मग पार्जिटरबाई, मग विल्फ, आणि मग ओळखीच्या सपाता.

"आजोबा."

मास्तर दचकून मागे वळले. "तू तर पुढे गेली होतीस."

"पुढेच गेले होते."

"मग मागून कशी आलीस?"

"पुढे जात जात." तिने खिशातले हात बाहेर काढले. "आजोबा, या रांगेला डोकंच नाहीये. नुसतं शेपूट आहे."

"असं नसतं, बाळ," मास्तर म्हणाले. पण त्यांचा आवाज फळ्यासमोरचा राहिला नव्हता. त्यांनी रेनकोटवाल्याच्या खांद्याला बोट लावलं. "माफ करा, सगळ्यांत पुढे कोण आहे, तेवढं जरा पुढे विचाराल का?"

रेनकोटवाल्याने त्याच्या पुढच्या बाईला विचारलं. बाईंनी त्यांच्या पुढच्या गृहस्थांना. प्रश्न कोपऱ्यावरून वळला आणि दिसेनासा झाला. मास्तर पुढे मान काढून उत्तराची वाट बघत राहिले. पाऊस जरा वाढला. मग विल्फनी काठीच्या मुठीने त्यांच्या पाठीला हळूच टोचलं.

"माफ करा हां मास्तर, मागून विचारतायत. सगळ्यांत पुढे कोण आहे?"

मास्तरांनी आधी पुढे पाहिलं, मग मागे. आपल्या आजोबांना शब्द सापडत नाहीत असं टॅमसिनने पहिल्यांदाच पाहिलं.

"विल्फ," अखेर मास्तर म्हणाले, "तुम्ही कोणाच्या मागे उभे आहात?"

"तुमच्या."

"पण मी येऊन किती वेळ झाला? तुम्ही केव्हा आलात?"

विल्फनी टोपी काढून हातात घेतली. "खरं सांगायचं तर मी आलो तेव्हा इथं चिटपाखरू नव्हतं. मागच्या वर्षी या मागच्याच दारानं आत घेतलेलं, म्हणून इथं थांबलो. मग बऱ्याच वेळानं समोर तुमची पाठ दिसली. म्हटलं, मास्तर आधीपासून असणार, आपलंच लक्ष नसेल."

"विचारायचं नाही का?"

"बरं दिसलं असतं का ते?"

आणि मुलांनो, हे सगळं पार्जिटरबाई ऐकत होत्या. त्यांनी छत्री मिटली. "म्हणजे आपण गोल उभे आहोत तर. मग सरळ आहे. विल्फ पहिला, मी दुसरी." त्या मास्तरांकडे वळल्या. "आणि मास्तर, तुम्ही शेवटचे. राग मानू नका हं, पण रांग म्हणजे रांग."

"नाही, नाही," मास्तर पुटपुटले. "बरोबर आहे तुमचं."

"मेजरला यंदा लोकरीचं काहीतरी बघायचंय," बाई मायेने म्हणाल्या. "कापूस त्याच्या दातात अडकतो बिचाऱ्याच्या."

टॅमसिनने आजोबांची बाही घट्ट धरली. मास्तरांनी बाईंशी बोलायला तोंड उघडलं, तशी बाही आणखी घट्ट झाली. पुढे पिवळा रेनकोट कान देऊन उभा होता. मास्तरांनी तोंड मिटलं.

मागचं दार आता सगळ्यांच्या डोळ्यांत भरलं. विल्फनी बोटाच्या पेराने, पाळण्यातलं मूल जागं होऊ नये इतपत, टकटक केलं. काही नाही. मग बाईंनी छत्रीच्या मुठीने तीन दणके घातले. तरी काही नाही. दाराला आतून कुलूप होतं.

"आजोबा," टॅमसिन अगदी हळू म्हणाली, "पुढचं दार आहे ना."

"ते आहे. पण तिकडे जायचं म्हणजे रांग सोडून पुढे घुसायचं."

"मी घ्यायला नाही जाणार. पडदे द्यायला जाईन. देणाऱ्याला पण रांग असते का?"

मास्तरांनी या बाजूने कधी विचार केला नव्हता. सगळं आयुष्य त्यांनी रांगेत सरळ काढलं होतं. पोस्टात, स्टेशनवर, एकदा तर आग लागल्यावर शाळेच्या मैदानातही. त्यांनी मनातल्या मनात सगळे नियम चाळून पाहिले. "देणगीची वेळ काल संध्याकाळी संपली," ते म्हणाले. मग त्यांनी नातीच्या चेहऱ्याकडे बघितलं. "पण रांग घेणाऱ्यांची असते. बहुधा."

हा 'बहुधा' त्यांना फार जड गेला. बोलून झाल्यावर त्यांनी रुमालाने कपाळ पुसलं.

टॅमसिनने निळी पिशवी सगळ्यांना दिसेल अशी छातीशी धरली. "द्यायला चाललेय, घ्यायला नाही," असं ती वाटेतल्या प्रत्येकाला सांगत गेली. लोकांच्या भुवया वर जायच्या आणि मग पिशवी बघून खाली यायच्या. एका काकूंनी तर तिला छत्रीखालून वाट करून दिली. पुढच्या दाराशी ती थांबली. पाठीवर सगळ्यांचे डोळे आहेत हे तिला न बघताच कळत होतं. कोणीतरी घसा खाकरला. कर्बीडेलमध्ये याहून मोठी शिक्षा नाही. तिने डोळे मिटून दार ढकललं.

दार उघडंच होतं. सकाळपासून नुसतं लोटलेलं होतं.

आत विक्री सांभाळणाऱ्या व्हिटलोबाई टेबलामागच्या खुर्चीवर चहाचा कप घेऊन उदास बसल्या होत्या.

"आलं बाई कोणीतरी," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, पावसामुळे सगळे घरीच बसले. किती वेळची वाट बघतेय."

पण टॅमसिनचं लक्ष टेबलाकडे होतं. अस्वलांच्या आणि सशांच्या ढिगावर हम्फ्री पाय पसरून बसला होता. त्याच्या कानावरचा जॅम वाळून कडक झाला होता.

"आजोबांनी काल चुकून दुसरी पिशवी दिली," ती घाईघाईने म्हणाली. "ही खरी. त्या पिशवीतलं ते परत हवंय."

"ते म्हणजे कोणतं?"

टॅमसिनने मागे दाराकडे बघितलं. "गाढव," ती ओठांतल्या ओठांत म्हणाली.

व्हिटलोबाईंना वाईट वाटलं. तसं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसलं. "अगं, मांडलेली वस्तू अशी परत नाही देता येत. मागच्या वर्षी एकीला तिची किटली परत दिली, तर गाव महिनाभर मला बोलत होतं. तू घे ना विकत. पण रांगेतून ये, बाळ. बाहेर कोणी आहे का?"

"सगळं गाव आहे."

"मग आत का येत नाहीत?"

"पहिलं कोणीच नाहीये."

"असं कसं असेल? थांब, मी बघते पुढे कोण आहे ते." आणि कप हातात तसाच घेऊन त्या बाहेर गेल्या.

टॅमसिनला उघड्या दारातून सगळं दिसत होतं. व्हिटलोबाईंनी जवळच्या गृहस्थांना विचारलं. त्यांनी अदबीने पुढे बोट दाखवलं. पुढच्यांनी आणखी पुढे दाखवलं. बाई पावसात भिजत उभ्या राहिल्या. रांगेबाहेर कोणी भिजत उभं आहे हे त्या गृहस्थांना काही बघवेना. ते अर्धं पाऊल मागे सरले आणि त्यांनी बाईंना वळचणीखाली जागा करून दिली. "फार उपकार झाले," म्हणत बाई त्या जागेत शिरल्या. त्यांनी पुढच्याच्या पाठीकडे तोंड केलं, चहाचा एक घोट घेतला आणि त्या वाट बघू लागल्या.

त्या परत आल्या नाहीत.

तेवढ्यात कोपऱ्यावरून मेजर भुंकला, आणि पाठोपाठ पार्जिटरबाईंचा आवाज आला. "पुढचं दार उघडलंय. विल्फ, उचल पाय. पहिला तू आहेस, तुझ्याआधी मला नाही शिरता येणार."

हॉलमध्ये आता टॅमसिन एकटी होती. समोर हम्फ्री होता. कोटाच्या आत तो सहज मावला असता, आणि तिला कोणी अडवलंही नसतं. तिने त्याला उचललं. त्याच्या कानाला जॅमचा वास येत होता. बाहेर काठीची टकटक जवळ येत होती.

मग ती टेबलाला वळसा घालून पलीकडे गेली आणि व्हिटलोबाईंच्या खुर्चीवर चढून बसली. तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. हम्फ्रीला तिने मांडीवर, टेबलाखाली ठेवलं. पाठ ताठ केली. आणि पोस्टातल्या बाई ज्या आवाजात बोलतात, अगदी तसल्या कोरड्या आवाजात ती म्हणाली,

"पुढचे, या."

बाहेर रांग एकदम शहारली. उभ्या जन्मात कर्बीडेलच्या कोणत्याही माणसाला हे ऐकून जागच्या जागी थांबता आलेलं नाही. विल्फ टोपी काढून आत आले आणि पहिलं असल्याबद्दल दोनदा माफी मागून एक कुंडी घेऊन गेले. शेपटाला अखेर डोकं आलं होतं. दारात छत्र्या मिटत होत्या. सगळे आपापल्या जागी पुढे सरकत होते, आणि त्यात रिकामा कप धरलेल्या व्हिटलोबाईही होत्या.

"पुढचे, या."

पार्जिटरबाईंनी दोन्ही हातांनी अस्वलं आणि ससे कवटाळून टेबलावर ओतले. मग त्यांची नजर खाली गेली. टेबलाच्या कडेवरून लोकरीचा एक लांब कान वर आला होता. मेजरलाही तो दिसला असावा, कारण त्याने हातमोजा खाली टाकला.

"आणि ते तुझ्या मांडीवरचं," बाई म्हणाल्या. "लोकरीचं दिसतंय. तेही दे."

दारात, त्यांच्या मागे, सगळं गाव ऐकत होतं. अगदी मागे एक पिवळा रेनकोट टाचा उंचावून बघत होता. टॅमसिनचे कान लाल झाले. तिने हम्फ्रीला मांडीवरून उचललं आणि टेबलावर, सगळ्यांना दिसेल असं, आपल्या शेजारी नीट बसवलं.

"हा विकायचा नाही, बाई," ती म्हणाली. "हा इथे कामाला आहे."

पार्जिटरबाईंनी हम्फ्रीकडे बघितलं. त्याच्या जॅम लागलेल्या कानाकडे बघितलं. चर्चच्या चहाचं टेबल त्यांनी स्वतः कित्येक वर्षं सांभाळलं होतं. टेबलाच्या या बाजूच्या माणसाने त्या बाजूच्या माणसाला हात लावायचा नसतो, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. त्यांचा पुढे आलेला हात मागे गेला.

"असं होय," त्या जरा ओशाळून म्हणाल्या. "मला काय माहीत."

टॅमसिनने हम्फ्रीचा पाय जरासा सरळ केला. मग ती बाईंच्या पलीकडे, दाराकडे डोकावून बघत म्हणाली,

"पुढचे, या."